उद्यान आराखडा करताना लोकांना केव्हा, कुठे आणि काय विचारावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. एका मध्यम आकाराच्या महापालिकेने शहरातील उद्याने, मैदाने आणि मोकळ्या जागा यांचा पुढील दहा वर्षांचा आराखडा करायला घेतला आहे. नागरिकांचा सहभाग म्हणून एक ऑनलाइन प्रश्नावली आणि महापालिकेच्या सभागृहात एक जाहीर सभा एवढे ठरले आहे. ते पुरेसे आहे का, आणि नसेल तर आणखी काय करावे?

महाराष्ट्रातील शहरांच्या नियोजनात बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की एवढे पुरेसे नाही. प्रश्नावली भरणारे आणि सभेला येणारे लोक काय म्हणतील हे उद्यान विभागाला बहुतांशी आधीच ठाऊक असते, कारण तेच लोक वर्षभर अर्ज करतात, फोन करतात आणि नगरसेवकाला घेऊन कार्यालयात येतात. ज्यांचे म्हणणे ठाऊक नाही त्यांच्याकडे, ते जिथे असतात तिथे आणि त्यांना सवड असते त्या वेळी, महापालिकेनेच जावे लागते. आणि हे सगळे नकाशावर पहिली रेघ पडण्याआधी करावे लागते.

‘आधी’ या शब्दावर मी एवढा भर देतो, कारण आपल्याकडे लोकांना विचारण्याची जी पद्धत कायद्याने रुळली आहे ती नेमकी नंतर विचारण्याची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा विकास आराखडा तयार होतो, कलम २६ खाली तो प्रारूप स्वरूपात, म्हणजे कच्चा मसुदा म्हणून, प्रसिद्ध होतो, मग हरकती व सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. ही तरतूद मोलाची आहे आणि तिने अनेक जागा वाचवल्या आहेत. पण त्या टप्प्यावर आलेला माणूस बहुधा काहीतरी थांबवायला आलेला असतो: आपल्या जमिनीवरचे आरक्षण (म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणे), घरावरून जाणारा रस्ता किंवा मैदानावर पडलेले दुसरे आरक्षण. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती व सूचनांची संख्या ६० हजारांच्या पुढे गेली, एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला, सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि अखेर आराखडा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावरही २०१३ मध्ये हजारोंच्या संख्येने हरकती आल्या. एवढी मोठी संख्या म्हणजे लोकांना आस्था आहे याचा पुरावा आहेच, पण लोकांना फार उशिरा विचारले गेले याचाही तो पुरावा आहे.

उद्यानांचा स्वतंत्र आराखडा या कायद्यातला वैधानिक दस्तऐवज नाही. तो महापालिकेचा स्वतःचा कार्य-आराखडा आहे. म्हणूनच त्याला प्रारूपानंतर हरकती या साच्यात बसवण्याची सक्ती नाही, आणि ही सवलत पूर्णपणे वापरावी. मात्र याच कारणामुळे त्याच्या मर्यादा लोकांना पहिल्याच भेटीत सांगितल्या पाहिजेत. कोणती जमीन उद्यानासाठी राखीव आहे हे विकास आराखडा ठरवतो. उद्यान आराखडा त्या जमिनीचा उपयोग कसा, कोणत्या क्रमाने आणि कोणाला आधी धरून करायचा हे ठरवतो. हा फरक न सांगता लोकांना स्वप्ने रंगवायला लावली, तर वर्षभरानंतर ‘ती जागा आपल्या ताब्यात नाही’ असे उत्तर द्यावे लागते, आणि त्यानंतर त्या वस्तीत पुन्हा कोणी बोलायला येत नाही.

त्यासाठी लोकांकडे जाण्याआधी कार्यालयात एक काम पुरे करावे लागते, आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. शहरातील प्रत्येक मोकळ्या जागेची सद्यःस्थिती एका नोंदवहीत आणि नकाशावर आली पाहिजे. विकसित उद्यान किंवा मैदान. ताब्यात आहे पण विकसित नाही. आरक्षण आहे पण भूसंपादन झालेले नाही. आरक्षणावर घरे किंवा गोठे आहेत. ले-आउटमधील खुली जागा आहे पण सोसायटीने कुंपण घातले आहे: हे सगळे वेगवेगळ्या रंगांनी दिसले पाहिजे. संपादन न झालेल्या आरक्षणांपुढे आराखडा अमलात आल्याची तारीखही लिहावी. कलम १२७ प्रमाणे त्या तारखेपासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. कोणत्या जागा या कारणाने हातच्या जाऊ शकतात हे लोकांना कळले की चर्चेचा सूर बदलतो. कारंजे हवे की ओपन जिम हवी या प्रश्नापेक्षा ‘ही जागा राहणार की जाणार’ हा प्रश्न मोठा आहे हे समजायला कोणालाही वेळ लागत नाही, आणि माझ्या अनुभवात सामान्य माणसे इथे विलक्षण समंजस निर्णय घेतात.

केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचे प्रमाण सुचवले आहे. हा आकडा आराखड्याच्या प्रस्तावनेत जरूर असावा, पण लोकांपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. शहराच्या सरासरीत एखादी टेकडी किंवा नदीकाठ धरला की आकडा बरा दिसतो आणि जुन्या गावठाणातल्या दाट पेठेतले दारिद्र्य झाकले जाते. त्यापेक्षा प्रभागनिहाय एकच गोष्ट दाखवावी: घरातून निघून, मोठा रस्ता न ओलांडता, दहा मिनिटे चालत कोणत्या मोकळ्या जागेत पोहोचता येते. या नकाशावर जे भाग रिकामे दिसतील तिथून लोकांशी बोलायला सुरुवात करावी. नेहमीच्या मोठ्या उद्यानापासून सुरुवात करू नये.

यानंतर निरीक्षण. ते संवादाच्या आधी हवे, कारण लोक जागा कशी वापरतात हे सांगण्यापेक्षा दाखवतात अधिक नेमके. प्रत्येक निवडलेल्या जागेवर पहाटे, दुपारी, शाळा सुटल्यावर, दिवे लागणीला आणि रात्री जेवणानंतर, कामाच्या दिवशी आणि रविवारी, कोण आहे व काय करत आहे याची साधी नोंद करावी. सकाळी चालणारे आणि हास्यक्लबवाले सर्वांना ठाऊक असतात. पण पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला धावणारी आणि गोळाफेकीला जागा शोधणारी मुले-मुली, दोन घरांच्या कामांमध्ये तासभर टेकायला जागा शोधणाऱ्या घरकामगार बाया, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, दुपारी झाडाखाली दुचाकी लावून विसावणारे डिलिव्हरीवाले, रात्री दहाला टेनिस चेंडूवर क्रिकेट खेळणारे कामगार: हे कोणत्याही प्रश्नावलीत सापडत नाहीत. एक नोंद आवर्जून करावी. अनेक महापालिकांची उद्याने दुपारी बंद असतात, त्यामुळे दुपारी ज्यांना सावलीची गरज आहे ते उद्यानाबाहेरच्या फुटपाथवर बसलेले दिसतात. केवळ फाटकाच्या आतली माणसे मोजली तर सध्याची रचना आणि सध्याची वेळ ज्यांना सोयीची आहे तेवढेच मोजले जातात, आणि मग आराखडा त्यांच्यासाठीच सुधारत जातो. फाटकाबाहेरची माणसे मोजणे हे माझ्या दृष्टीने या संपूर्ण कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

निरीक्षणाला माळ्यांना, मुकादमांना आणि रखवालदारांना सोबत घ्यावे. कोणता नळ किती वाजता बंद होतो, कोणत्या कोपऱ्यात अंधार पडल्यावर बायका जात नाहीत, पावसाळ्यात पाणी कुठून शिरते, कोणती खेळणी कोणत्या महिन्यात मोडतात हे त्यांना माहीत असते. ठेकेदारामार्फत नेमलेल्या माळ्याला मात्र आपल्या बोलण्याने नोकरीवर गदा येईल अशी धास्ती असते. त्याच्याशी अधिकाऱ्यांच्या घोळक्यात बोलू नये, आणि त्याने सांगितलेले त्याच्या नावाने लिहू नये.

आता प्रश्न काय विचारावेत हे पाहू. ‘आपल्या उद्यानात काय हवे?’ हा प्रश्न ऐकायला लोकशाहीचा वाटतो, पण त्याचे उत्तर प्रत्येक शहरात सारखेच येते: ओपन जिम, कारंजे, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, सेल्फी पॉइंट. लोकांनी शेजारच्या प्रभागात जे पाहिले तेच ते मागतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही आलेलेच नसते. मागणी विचारण्याऐवजी दिनक्रम विचारावा. काल संध्याकाळी पाच ते सात तुमची मुलगी कुठे खेळत होती? तिला उद्यानात एकटीने पाठवता का, आणि पाठवत नसाल तर वाटेत नेमके काय आड येते? घरातले म्हातारे माणूस शेवटचे कधी बाहेर बसायला गेले, आणि हल्ली जात नसेल तर का? उन्हाळ्यात वीज गेली की तुम्ही कुठे बसता? उद्यानात गेल्यावर तहान लागली किंवा लघवीला लागले तर काय करता? अशा प्रश्नांची उत्तरे ऐकताना पुष्कळदा असे आढळते की उद्यानाच्या आत काही करण्याची गरजच नाही; मधल्या चौकात पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्याची सोय नाही, किंवा वस्तीच्या बाजूने फाटक नाही, म्हणून भिंतीला लागून राहणारी माणसे पाऊण किलोमीटरचा वळसा टाळून घरीच बसतात. एक फाटक उघडण्याचा खर्च एका कारंज्याच्या तुलनेत नगण्य असतो, पण ‘काय हवे’ या प्रश्नाच्या उत्तरात फाटक क्वचितच येते.

कोणाकडे जावे याची यादी शहरागणिक बदलेल, पण काही ठिकाणे मी कधीही वगळणार नाही. वस्त्यांमध्ये बचत गटाच्या ठरलेल्या बैठकीला, त्यांची परवानगी घेऊन, शेवटची वीस मिनिटे मागावीत. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी आधी स्वतंत्र बोलावे. कोणत्या गल्लीत कोण घराबाहेर पडत नाही हे त्या सांगतात. बैठकीची वेळ नळाला पाणी येण्याच्या वेळेशी आणि स्वयंपाकाच्या वेळेशी भिडू देऊ नये. मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या सुमारास माणसे उभी असतात आणि काम मिळेपर्यंत त्यांच्याकडे बोलायला वेळ असतो. फाटकापाशी भेळ, फुगे, शहाळी विकणाऱ्यांना संध्याकाळच्या गर्दीचा स्वभाव आणि फाटकाबाहेरच्या अडचणी दोन्ही ठाऊक असतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे त्यांच्या जागांचा विचार नगर पथविक्रेता समितीत व्हायला हवा, म्हणून त्या समितीलाही आराखड्याची माहिती द्यावी. नाहीतर सुशोभीकरणाचा पहिला परिणाम म्हणजे त्यांची उचलबांगडी असे समीकरण होऊन बसते. ज्येष्ठ नागरिक संघ स्वतःहून येतील, त्यांच्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. पण संघात न जाणाऱ्या, गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या मजल्यावरून न उतरणाऱ्या आजींना विचारायचे असेल तर जिने चढावे लागतील.

अपंग व्यक्तींना आराखडा झाल्यावर ‘तपासायला’ बोलावण्याची पद्धत सोडावी आणि त्यांना पहिल्या पाहणीतच सोबत न्यावे. दुचाकी आत येऊ नये म्हणून फाटकात बसवलेले आडवेतिडवे लोखंडी बार चाकाची खुर्ची आणि बाबागाडी यांनाही बाहेर ठेवतात. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर याला कोणतेही समर्थन उरलेले नाही. चाकाच्या खुर्चीसह केलेली एक फेरी अधिकाऱ्यांना जे शिकवते ते कोणत्याही सादरीकरणाने शिकवता येत नाही.

मुलांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उद्याने मुलांसाठी असतात असे सर्वजण म्हणतात आणि मुलांना जवळपास कोणीच विचारत नाही. महापालिकेच्या शाळांमध्ये चौथी ते आठवीच्या वर्गांत दोन तासिका मागून घ्याव्यात. मुलांना कागदावर घर, शाळा आणि त्यामधला रस्ता काढायला सांगावे. त्यात खेळण्याच्या जागा एका रंगाने आणि भीती वाटणाऱ्या जागा दुसऱ्या रंगाने दाखवायला सांगाव्यात. ‘आदर्श उद्यानाचे चित्र’ काढायला सांगू नये, त्याला सूर्य, डोंगर आणि घसरगुंडी एवढेच उत्तर येते. मुलगे आणि मुलींचे कागद वेगळे ठेवून पाहावेत. व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की साधारण नऊ वर्षांनंतर उद्यानांतील मुलींची संख्या झपाट्याने घटते, मुलग्यांची तशी घटत नाही. मोठे मोकळे मैदान एकच असले की ते मोठी मुले व्यापतात आणि मुली जागेसाठी भांडण्यापेक्षा निघून जाणे पसंत करतात. तेथील मार्गारेटेन विभागात १९९९ मध्ये दोन उद्यानांची रचना बदलली गेली, पायवाटा व प्रवेश वाढवले, मोठ्या जागेचे भाग पाडले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत दिसू लागल्या. आपल्याकडे याच्या जोडीला शौचालय, उजेड आणि कट्ट्यावर बसणाऱ्या टोळक्यांचा प्रश्न येतो. दहा-बारा वर्षांच्या मुली हे वर्गात, शिक्षिकेच्या उपस्थितीत, मोकळेपणाने सांगतात. जाहीर सभेत त्या ते कधीही सांगणार नाहीत, आणि बहुधा त्यांचे पालकही सांगणार नाहीत.

जाहीर सभा घेऊच नये असे मी म्हणत नाही. तिचा उद्देश बदलावा. माहिती गोळा करण्याचे काम आधी झालेले असावे आणि सभेत जे गोळा झाले ते लोकांपुढे ठेवून ‘हे बरोबर आहे का, काय राहिले’ असे विचारावे. सभा प्रभागात, शाळेच्या आवारात किंवा समाजमंदिरात, संध्याकाळी साडेसातनंतर घ्यावी. मंच आणि हारतुरे टाळावेत. आठ-दहा जणांच्या गटांत, प्रत्येक गटापुढे मोठा नकाशा पसरून बसावे. नकाशावर सर्व्हे नंबर आणि गट नंबर याच्या बरोबरीने लोकांच्या तोंडी असलेली नावे छापावीत: मारुतीचा पार, पाण्याची टाकी, जुना जकात नाका, रिक्षा स्टँड. ही खूण सापडली की माणूस आपले घर शोधतो आणि मग बोलू लागतो. लोकप्रतिनिधींना आदराने बोलवावे आणि पहिला तास त्यांनी ऐकावे अशी विनंती आधीच भेटून करावी. बहुतेक जण ती मान्य करतात. प्रत्येक गटाने काय सांगितले ते सभा संपण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावे आणि चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करावे. हे वाचून दाखवणे वेळेअभावी गाळले जाते. ते गाळू नये, कारण लोकांचा विश्वास तिथेच बसतो.

आपल्या शहरात सर्वांत तीव्र मतभेद कुठे होईल हे मी आजच सांगू शकतो: मैदान की उद्यान. भोवतालच्या सोसायट्यांना हिरवळ, कुंपण, ठरलेली वेळ आणि शांतता हवी असते. मुलांना मोकळी माती हवी असते. विकास आराखड्यात उद्यान आणि मैदान ही दोन वेगळी आरक्षणे आहेत, तरीही मैदानाचे हळूहळू उद्यान होत जाते: आधी कडेने पायवाट, मग झुडपे, मग मधोमध गोल चौथरा, आणि एके दिवशी क्रिकेटला मनाईचा फलक लागतो. कोणीही वाईट हेतूने हे करत नाही, प्रत्येक पायरीला कोणाच्या तरी खऱ्या अर्जाचा आधार असतो. पण अर्ज करणारे प्रौढ असतात आणि जागा गमावणारी मुले अर्ज करत नाहीत. अशा वादात हात वर करून मतदान घेऊ नये. निरीक्षणाच्या नोंदी भिंतीवर लावाव्यात, कोणत्या तासाला कोण जागा वापरते ते दाखवावे, आणि वेळेची किंवा जागेची वाटणी कशी करता येईल हे दोन्ही बाजूंना एकत्र बसवून विचारावे. सुचलेली वाटणी लगेच बांधकामात उतरवू नये. चुन्याच्या रेघा मारून आणि तात्पुरती जाळी लावून दोन महिने चालवून पाहावी, त्यात एक सुट्टीचा काळ यावा, आणि मग ठरवावे. जिथे तोडगा निघतच नाही तिथे माझा कल स्पष्टपणे मैदानाच्या बाजूने आहे, कारण प्रौढांना चालायला दुसरा रस्ता सापडतो, पण दाट वस्तीत मुलांना दुसरे मैदान सापडत नाही.

आलेल्या सूचनांची मोजणी हा नाजूक विषय आहे. एकाच मजकुराच्या पाचशे छापील अर्जांना पाचशे सूचना म्हणायचे की एक? दोन्ही आकडे लिहावेत: किती जणांनी म्हटले, आणि वेगवेगळे मुद्दे किती आले. प्रश्न जेव्हा होय-नाही स्वरूपाचा असतो तेव्हा संख्येला मोठे वजन द्यायलाच हवे. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर बांधकाम होऊ द्यायचे की जैवविविधता उद्यानासाठी त्या राखायच्या, या प्रश्नावर हजारो नागरिकांनी सह्या आणि पत्रे दिली, आणि पुढे २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टरवरील आरक्षणाला शासनाची मंजुरी मिळाली. तिथे लोकांचे संख्याबळ निर्विवादपणे महत्त्वाचे होते. पण एखाद्या उद्यानात फाटक कुठे असावे हे संख्येने ठरत नाही. तिथे एका चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीचे म्हणणे शंभर जणांच्या सोयीपेक्षा जड असू शकते.

ऑनलाइन प्रश्नावली ठेवावी, पण तिचा गठ्ठा वेगळा ठेवावा आणि प्रत्यक्ष भेटींतून आलेल्या नोंदींमध्ये मिसळून एकच टक्केवारी काढू नये. प्रश्नावलीत वय, लिंग आणि प्रभाग विचारल्यास कोणाचे उत्तर आलेले नाही हे दिसते, आणि तिचा खरा उपयोग मला तिथेच वाटतो: उत्तरे न आलेल्या प्रभागांत पुढच्या फेरीला माणसे पाठवता येतात. भाषा मराठी असावी आणि वस्तीप्रमाणे हिंदी, उर्दू, कन्नड किंवा तेलुगू असावी. फॉर्म मोबाइलवर उघडावा आणि पाच मिनिटांत संपावा.

सहभागाची खरी परीक्षा उत्तर देण्यात आहे. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे लिहावे: स्वीकारला, अंशतः स्वीकारला, किंवा स्वीकारला नाही, आणि कारण काय. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे कारण नव्हे. ‘या जागेखालून मुख्य जलवाहिनी जाते, त्यामुळे पायाभरणी करता येत नाही, त्याऐवजी उत्तरेच्या कोपऱ्यात सोय केली आहे’ हे कारण आहे. ही नोंदवही संकेतस्थळावर टाकण्याबरोबरच क्षेत्रीय कार्यालयात आणि त्या-त्या उद्यानाच्या फाटकावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात, महिनाभर लावावी. ज्या बचत गटांनी आणि शाळांनी वेळ दिला त्यांच्याकडे पुन्हा जाऊन पंधरा मिनिटांत सांगून यावे. नकार कारणासह मिळाला तर लोक तो बहुतेक वेळा स्वीकारतात. त्यांना बोचते ते मौन.

देखभालीचा प्रश्नही लोकांपुढे याच टप्प्यावर मांडावा, कारण त्यातून जागेचा ताबा कोणाकडे जातो हे ठरते. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याचे मुंबई महापालिकेचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये सभागृहात मंजूर झाले, आणि लोकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. विरोधाचे मूळ साधे होते: सार्वजनिक जागेच्या फाटकाची किल्ली खासगी हातात जाईल ही भीती. आपल्या आराखड्यात एखाद्या संस्थेला किंवा सोसायटीला देखभाल सोपवण्याचा विचार असेल तर प्रवेश सर्वांना खुला राहील, शुल्क लागणार नाही, वेळ महापालिकाच ठरवेल आणि करार फाटकावर लावला जाईल, या अटी आधी लोकांसमोर वाचून घ्याव्यात.

शेवटी वेळापत्रक. हे सगळे दोन महिन्यांत होत नाही. निरीक्षणाला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही हवेत. मे महिन्यातली ओस दुपार आणि ऑगस्टमधला चिखल एकाच भेटीत दिसत नाहीत. गणेशोत्सवात मैदानांवर मांडव असतात, तो वापरही नोंदवला पाहिजे. महापालिकेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत आयुक्तांकडून स्थायी समितीपुढे जातो, आणि विभागांच्या मागण्या त्याआधी काही महिने गोळा होतात. म्हणून मार्चमध्ये नोंदवही आणि नकाशे, एप्रिल ते ऑगस्ट निरीक्षण आणि भेटी, सप्टेंबरात प्रभागसभा, ऑक्टोबरमध्ये उत्तरांसह प्रारूप, असा क्रम धरल्यास निदान पहिल्या वर्षाची कामे त्याच अर्थसंकल्पात बसतात. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अर्थसंकल्पात नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत ठेवली आहे. तशी व्यवस्था आपल्याकडे असेल तर बाके, दिवे, पाण्याचे नळ अशी लहान कामे तिकडे वळवावीत आणि उद्यान आराखड्याचा निधी फाटके, शौचालये व भूसंपादन यांसाठी राखावा. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रभागात किमान एक असे काम निवडावे जे लोकांनी सांगितले, जे सहा महिन्यांत पुरे होते आणि ज्याच्या शेजारी ते कोणत्या सूचनेवरून झाले त्या सूचनेचा क्रमांक लिहिता येतो. दुसऱ्या वर्षाच्या भेटी त्याच ठिकाणांहून सुरू कराव्यात.